तुमच्या दहाव्याचा कावळा

बाबा, आज सकाळी तो पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसला. तुमच्या चहाच्या वेळेला. मी पोळीचा तुकडा टाकला, त्यानं नेहमीप्रमाणे तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान तिरकी करून माझ्याकडेच बघत राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कावळा काही एवढा जगत नाही, हे मला कळतं. बँकेत जन्म काढलेली बाई आहे मी, भुताखेतांच्या नादी लागणारी नाही. पण हा आला की माझा चहा निवतो आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुन्हा सुरू होतं. आज ते लिहूनच काढते.

मी आठवीत असेन. तुमचा चष्मा घरी राहिला म्हणून आईनं मला तो घेऊन गंगेवरच्या पंचगंगा घाटावर पिटाळलं. रेल्वेतल्या एका मराठी कारकुनाचं दहावं तुम्ही चालवत होतात. त्याला एकुलती एक मुलगी, म्हणून पिंड द्यायला लांबचा कुणी पुतण्या उभा केलेला. "मी देते" म्हणाली म्हणून सकाळीच तुम्ही तिला झिडकारलं होतंत. आता ऊन डोक्यावर आलंय, पिंड तसाच पडलाय, कावळे वरच्या मशिदीच्या भिंतीवर ओळीनं बसलेत आणि एकही खाली उतरत नाही. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नातेवाईक हात जोडून एकेक वचन देताहेत. अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायचा आणि मोकळं व्हायचं, ही पळवाट तुम्ही किती वेळा वापरली असेल. त्या दिवशी दर्भ हातात घेतलात आणि खाली ठेवलात. त्या मुलीला म्हणालात, "ये बाळ, तू दे." तिनं पिंड ठेवला, मागे सरली, आणि भिंतीवरचा एक कावळा सरळ येऊन चोच मारून गेला.

"आज मला कावळ्यानं शिकवलं," घरी येऊन तुम्ही म्हणालात. "मग यापुढे दक्षिणाही त्यालाच मागा," आई म्हणाली, आणि तिचं खरंच झालं. आपल्या ब्रह्मा घाटावरच्या निम्म्या मराठी घरांनी तुम्हाला बोलवायचं बंद केलं. पण ज्यांना भाऊ नाही अशा मुली आपला जिना चढू लागल्या, आणि तुम्ही एकीलाही परत पाठवलं नाहीत. जमदग्नीचा अवतार होतात तुम्ही. बघता बघता मऊ झालात. एकदा जेवता जेवता मला म्हणालात, "माझं तूच करायचं, बरं का. पुतण्याबितण्या कुणी नको." ते वाक्य मी जिवापाड जपलं.

मग तुमचं शेवटचं वर्ष. श्रावणात गंगा चढली होती, संध्याकाळी मी तुमची खुर्ची छतावर मांडायची. एके दिवशी खाली बोट दाखवून तुम्ही विचारलंत, "ते कोण बसलेत पायऱ्यांवर?"

"कुणी नाही, बाबा. पायऱ्या बुडाल्यात."

"बुडाल्यात. तरी बसलेत. माझ्याकडचेच आहेत सगळे, मुलींनी पिंड दिलेले. पुढे जाता येत नाहीये त्यांना."

आणि तुम्ही त्यांना एकेकाला नावानिशी ओळखू लागलात. दूध घेऊन आलेला भैया जिन्यात थबकून मला म्हणाला, "दीदी, गुरुजी किससे बतिया रहे हैं?" मी त्याला हसून वाटेला लावलं, पण त्यानंतर मीही त्या पाण्याकडे बघायचं टाळलं. त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "पुतण्याला कळवून ठेव. माझं त्यानं करायचं. तू पाणीसुद्धा सोडू नकोस."

"आणि कावळ्यानं शिकवलेलं?"

"त्याला भूक लागली असेल."

हे ऐकून मी खाली निघून गेले. तेव्हापासून तुमचं ते बोलणं मनात तोलतेय. दुसऱ्यांचे बाप तुम्ही मुलींच्या हाती सोपवलेत आणि स्वतःची पाळी आली तेव्हा हात आखडता घेतलात. मग आधीचा तो धीर कुणाचा होता? शेजारच्या काकू म्हणायच्या, म्हातारपणी बुद्धी फिरते, मनावर घेऊ नकोस. फिरली असती तर सगळ्यांची नावं अशी बिनचूक आठवली असती का? कधी वाटतं, तुमची भीती माझ्यासाठी होती. कावळा शिवला नसता तर मला ते जन्मभर डाचलं असतं. असं मानलं की बरं वाटतं, म्हणूनच मला ते खरं वाटत नाही.

तुमच्या दहाव्याला चुलतभाऊ आला. संध्याकाळचं परतीचं विमान होतं त्याचं. पाणी ओसरलेलं, पायऱ्यांवर गाळ. त्यानं पिंड ठेवला. कावळे अगदी जवळ आले, वाकून पाहिलं आणि मागे सरकले. पोथ्या जपू, लेकीला एकटी पडू देणार नाही, सगळ्यांची वचनं देऊन झाली. विधी सांगणारा तुमचाच शिष्य माझ्याजवळ येऊन त्याच्या हिंदीमिश्रित मराठीत हळूच म्हणाला, "ताई, तुम्हीच देऊन टाका ना. गुरुजींनीच तर सिखवलं आम्हाला."

"बाबांनी नको सांगितलंय," मी म्हटलं.

त्यानं दर्भ उचलला. मी डोळे मिटून मनात म्हटलं, माफ केलं बाबा, जा. काही नाही, पंखाचा आवाजसुद्धा नाही. मग मला असा राग आला की मनातल्या मनात खरं तेच बोलून गेले: नाही करणार माफ. परक्या मुलीला दिलंत ते मला नाकारलंत, हे मी विसरणार नाही. "शिवला, शिवला!" लोक ओरडले. डोळे उघडले तर तो पिंडावर उभा होता, आणि खाता खाता माझ्याकडे बघत होता. भावानं हुश्श करून घड्याळ पाहिलं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही टाकून दिलेला तुमचा शब्द कुणीतरी धरून ठेवावा, एवढ्यासाठीच तुमचा जीव अडला होता का? असेल. आत्ताही तो खिडकीतच आहे; मी त्याच्याकडे पाठ करून लिहितेय, आणि हा कागद पिठाच्या डब्यामागे सारून ठेवणार आहे. त्याला दिसायला नको. कारण राग केव्हाच गेलाय, बाबा. पण तसं म्हटलं आणि उद्या चहाच्या वेळेला खिडकी रिकामी राहिली तर, म्हणून म्हणत नाही.