दाराआडची शिंक

आई,

“तू जा बाई, मी आतच हाय,” असं तू स्वयंपाकघरातून म्हणाली होतीस. माझ्या बारावीच्या पहिल्या पेपरची सकाळ. मानवतच्या आपल्या घराच्या उंबऱ्यात मी चप्पल घालतेय आणि तू पिठाच्या डब्याशेजारी, पदराचा बोळा तोंडावर दाबून उभी. निघताना कुणी शिंकलं तर काम होत नाही, असं गल्लीत सगळेच मानायचे. तुझ्या तर रोज सकाळी सात-आठ शिंका ठरलेल्या. भिंतीपलीकडच्या काकू ओरडायच्या, “काय गं, गिरणी सुरू झाली का?” तू नाक पुसत म्हणायचीस, “झाली की! दळण घिऊन या.” लय हसायचीस. पण आदल्या दिवशी मीच तुला बजावलं होतं, “मी निघेपर्यंत बाहेर येऊ नकोस.” तेव्हापासून कुणीही निघालं की तू आपणहून आत जायचीस. माझ्या पाठवणीच्या वेळीसुद्धा. मी गाडीतून तुला शोधत होते आणि तू भांड्यांच्या खोलीत होतीस.

मागच्या महिन्यात परभणीत नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. तशाच शिंका, तसंच गळणारं नाक. “घरात आणखी कुणाला?” त्यांनी विचारलं. म्हटलं, “आईला होतं. ती गेली तोवर आम्ही सर्दीच समजायचो.” त्यांनी समजावलं, की शरीराची रखवाली करणाऱ्या काही पेशी ‘शत्रू आला’ म्हणून सगळ्यांना उठवतात, काही ‘थांबा, काही नाही’ म्हणून शांत करतात. ॲलर्जीत उठवणाऱ्यांचा जोर वाढतो, आवरणाऱ्या कमी पडतात. मग घरातली धूळ, गाजरगवताचे परागकणसुद्धा शत्रू वाटतात. “यात तुमचा काही दोष नाही,” ते म्हणाले. ते वाक्य ऐकायला तू तिथे हवी होतीस. ओव्याची धुरी घेऊन घेऊन तू थकायचीस आणि म्हणायचीस, “माझंच नाक अवदसा हाय.”

एवढं कळूनही आज मी काय केलं, सांगते. तुझी नात नांदेडला मुलाखतीला निघाली. ती दारात असताना माझ्या नाकात हुळहुळलं आणि मी पळत स्वयंपाकघरात गेले, ओढणी तोंडावर दाबली.

“मम्मी, ये ना! बस जाईल माझी.”

“तू जा, मी आतच आहे.”

बोलले आणि तिथेच थबकले. ती चपलेसकट आत आली, ओढणी बाजूला केली. “शिंक की!” म्हणाली. मी चार वेळा शिंकले. ती हसत हसत गेली.

आपल्या उंबऱ्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत चारच पावलं होती, आई. मला त्या सकाळी ती टाकता आली नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, लेक गेल्यावर शिंकेचा अपशकुन टळावा म्हणून मी तिला फोन करून विचारलंच, “पाणी पिऊन निघालीस ना?”

हे पत्र माझ्या ॲलर्जीच्या रिपोर्टच्या फायलीत ठेवतेय. नोकरी लागली तर ती सामान घेऊन निघेल. त्या दिवशी तू दारात ये, माझ्या शेजारी उभी राहा. शिंक आली तर येऊ दे. तू म्हणशील, “नको बाई, लेकरू चांगल्या कामाला निघालंय.” तरी एकदा ये.