सात दारं, सात उंबरे

९ जानेवारी १९५६, सोमवार. पहाटे पाच वाजता उठलो. (घड्याळ नाही. सूर्य बराच वर होता.)

आजपासून मी बैलगाडीचा सुतार नाही, ऑफिसचा सुतार. पिंपरीच्या नव्या रंगाच्या कंपनीत आतलं लाकूडकाम मिळालं आहे. सात दारं, पार्टिशन आणि एक लांब काउंटर. वखारवाल्याने ही डायरी फुकट दिली. रोज लिहिणार.

ओव्हरसियर सोपानरावांनी वय विचारलं. पन्नास सांगितलं. ते म्हणाले, "कधी होतं?" माणूस चेष्टेखोर आहे. पण पुढे म्हणाले की काम पसंत पडलं तर वरचा मजलाही तुमचाच, आणि गेटवरचा पितळी बिल्ला कायमचा. सध्या पुठ्ठ्याचा दिला आहे.

हे काम जमलंच पाहिजे. आकुर्डीत आता गाड्यांना रबरी चाकं आली, नांगर लोखंडी झाले. मला मुलगा नाही. एक लेक, शालन, महाळुंग्याला दिली आहे. तिचे सासरे रंगराव दर भेटीत म्हणतात, "व्याही, या आमच्याकडं ऱ्हायला. शेरडांमागं एक माणूस लागतंच." लेकीच्या सासरी जाऊन शेरडं राखायची! असं ते हसत म्हणतात, म्हणून जास्त झोंबतं.

निश्चय: १) कामावर बिडी नाही. २) भांडण नाही. ३) रोज तीन इंग्रजी शब्द.

११ जानेवारी.

बिडी: एकच. भांडण: अर्धं. शब्द: डोअर, ड्रॉइंग, डॅम. तिसरा सोपानरावांनी आपणहून शिकवला, बिडीची राख प्लायवूडवर पडली तेव्हा.

१४ जानेवारी.

प्लायवूड हे लाकूड नव्हे. पापुद्र्यावर पापुद्रा चिकटवलेली पोळी आहे. रंधा मारला तर खालचा थर वर येतो आणि वरचा कुठे जातो कळत नाही. एक तक्ता वाया गेला. मागच्या बाजूला लावून टाकला. भिंतीकडे कोण बघणार?

स्क्रू ठोकायला खिळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सोपानराव बघून म्हणाले, "आबाजी, तो पिळायचा असतो." मी म्हणालो, ठोकल्यावर पिळणारच होतो. घरी येऊन बायकोला, यशोदाबाईला, सांगितलं की आज साहेबांशी तांत्रिक चर्चा झाली.

१५ जानेवारी, रविवार.

डायरी लिहायची राहिली. (हे लिहिण्यापुरती लिहिली.)

१८ जानेवारी.

महत्त्वाचा दिवस. ड्रॉइंगमध्ये चूक सापडली.

मी मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे, तेव्हा कागद वाचता येत नाही असं कोणी समजू नये. तासभर उलटा धरला होता, ते वेगळं. सुलटा केल्यावर दिसलं की सातही दारांच्या चौकटींना दोन उभी लाकडं आहेत, वर एक आडवं आहे, आणि खाली काही नाही. उंबराच नाही! ड्रॉइंग काढणारा विसरला. मुंबईचा माणूस, घाईत असेल, गाडी चुकत असेल.

सोपानरावांना सांगावं तर ते भाचीच्या लग्नाला साताऱ्याकडे गेले आहेत. दहा दिवस नाहीत. आणि सांगितलं तर त्या बिचाऱ्याची नोकरी जायची. त्यालाही बायको असेल, बायकोचा भाऊ असेल. ठरवलं, कोणाला कळू न देता चूक आपणच दुरुस्त करायची. माझ्यामुळे कोणाच्या पोटावर पाय यायला नको.

 

२१ जानेवारी.

काउंटरसाठी आणलेलं सागवान चांगलं आहे, उंबऱ्यांना त्यातूनच घेतलं. उंबऱ्याची उंची चार बोटं धरली. गावात दोन बोटं चालतात, पण ही कंपनी आहे.

शब्द: बंद. डोक्याला त्रास होतो.

२५ जानेवारी.

पाच उंबरे बसले. प्रत्येकावर मध्यभागी कमळ कोरलं. दोन्ही टोकं चौकटीत अशी घट्ट घातली आहेत की माझ्या मरणानंतरही निघायची नाहीत. काउंटरला मात्र लाकूड थोडं कमी पडणार असं वाटतं. काउंटर आखूड केला तर कारकुनांनाच सरकून बसायची सवय लागेल. चांगलीच आहे.

 

२८ जानेवारी.

सात झाले! सातवा संडास-मोरीच्या दाराला. तिथे कमळ कोरावं की नाही यावर अर्धा दिवस गेला. कोरलं नाही. साधी नक्षी केली.

यशोदाबाईला मुद्दाम काम दाखवायला आणलं. हळदकुंकू घेऊन आली होती. पहिल्या उंबऱ्याला वाहिलं, दुसऱ्याला वाहिलं, आणि मग पुडी हातात धरून तिथेच उभी राहिली. म्हणाली, "अवो, हितं ऱ्हाणार कोण? चूल न्हाई, देव न्हाई, घरची बाई न्हाई. मग ह्यो उंबरा कुणासाठी?" मी म्हणालो, ड्रॉइंगमध्ये आहे. ती म्हणाली, "हाय का?" मी म्हणालो, असायला हवं होतं.

उरलेलं हळदकुंकू तिने तसंच परत नेलं. कामाने भारावली असावी.

३० जानेवारी.

सोपानराव आले नाहीत. तार आली की तब्येत बिघडली, शुक्रवारी कंपनीच्या मोठ्या साहेबांबरोबरच येतील. बरं झालं. एकदम पूर्ण झालेलं बघू देत. वरच्या मजल्याला किती सागवान लागेल याचा मनात हिशेब चालू आहे. तिथे उंबऱ्याला मोर कोरणार.

आज एक हमाल मोरीच्या दारात आपटला. मी त्याला म्हणालो, चालताना खाली बघावं. तो जे म्हणाला ते इथे लिहीत नाही. भांडण: पूर्ण.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार.

आज लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो. रोजचा नेम मोडायचा नाही. (मधले तीन दिवस मोडला होता.)

साहेब आले. सहा फूट उंच, चष्मा, हातात कागद, बरोबर चार पाहुणे आणि सोपानराव. मी पहिल्या दाराशी आळंदीहून आणलेला नारळ घेऊन उभा. साहेब कागद वाचत आले आणि दारातच एकदम वाकले. मला भरून आलं. एवढा मोठा माणूस, पण रीत जाणतो. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले तेव्हाही मला तसंच वाटलं. चष्मा घरंगळत गेला तेव्हा शंका आली.

पाहुण्यांनी उचललं. साहेब पुढे निघाले. दुसऱ्या दारात सोपानराव ओरडले, "सर, पाय!" त्यानंतर साहेब बगळ्यासारखा पाय उचलूनच चालले. जिथे उंबरा नव्हता तिथेही उचलला. काउंटरपर्यंत तसेच गेले. काउंटर आखूड आहे हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. एवढी एक देवाची कृपा.

मागून तिजोरी आली. लोखंडी, नळ्यांवरून ढकलत आणलेली. मॅनेजरच्या दारात येऊन थांबली. आठ हमालांनी ढकलली. उंबरा जागचा हलला नाही. मी सोपानरावांना म्हणालो, बघा मजबुती.

बोलायला नको होतं असं आता वाटतं.

सोपानरावांनी मला बाजूला घेतलं. आवाज न चढवता बोलले, तेच वाईट. म्हणाले, "आबाजी, हे उंबरे कोणी सांगितले?" मी म्हणालो, ड्रॉइंगमध्ये राहिले होते. त्यांनी वाकून उंबऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "राहिले नव्हते, राव. ऑफिसला उंबरा नसतो. सगळे काढा." मी ड्रॉइंगवाल्याची नोकरी वाचवल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "ड्रॉइंग मी काढलंय."

५ फेब्रुवारी, रविवार.

यशोदाबाईला सांगितलं की साहेब पहिल्या दारात वाकले. खोटं काही नाही.

१० फेब्रुवारी.

एक उंबरा काढायला तीन दिवस लागले. बसवायला एक लागला होता. पटाशीची दोन पाती मोडली. माझं काम माझ्याच्याने निघत नाही. हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं, पण सोपानराव ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत.

२० फेब्रुवारी.

चार निघाले. उंबरा निघाला की चौकट कुरकुरते आणि दार खाली घासतं. मग दार उतरवून खालून तासायचं. प्लायवूडचे पापुद्रे सुटतात. कारकून म्हणतात, "आजोबा, अजून किती दिवस?" पन्नाशीच्या माणसाला आजोबा!

बिडी: मोजली नाही.

२९ फेब्रुवारी.

या वर्षी एक दिवस जास्तीचा मिळाला. तोही सहावा उंबरा काढण्यात गेला.

संध्याकाळी वरच्या मजल्याचं विचारलं. मुंबईहून फिटर लोक येणार आहेत. सगळं तिकडून तयार करून आणतात आणि इथे फक्त स्क्रू पिळतात. मी म्हणालो, मलाही आता पिळता येतो. सोपानराव म्हणाले, "बघितलंय मी. हात चांगला आहे तुमचा, आबाजी. पण ह्या कामाला तेवढाच पुरत नाही." मग खिशातून तंबाखूची डबी काढून पुढे केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मार्च.

सातवा काढायला बसलो होतो. सोपानराव धावत आले. मोरीतलं पाणी तुंबून बाहेर यायला लागलं आणि उंबऱ्याशी अडलं. नाहीतर फायली भिजल्या असत्या. म्हणाले, "हा राहू द्या."

म्हणजे कंपनीत माझं काम कायम झालं. दिवसातून दोन-तीन वेळा खुद्द साहेब ते ओलांडणार, आणि पाय उचलून. मोर कोरायला हवा होता.

गेटवर पहारेकऱ्याने पुठ्ठ्याचा बिल्ला परत मागितला. घामाने त्याचे दोन पापुद्रे झाले होते. दोन्ही दिले.

३ मार्च.

रंगरावांनी गाडी पाठवली आहे. रबरी चाकांची. निरोपही आला: "शेरडं वाट बघत्यात. वैनींनाबी घेऊन या." यशोदाबाई बोचकी बांधते आहे.  माझी हत्यारं कपड्यांच्या मधे, मऊ गुंडाळून ठेवली.

निश्चय: थोडे दिवसच राहायचं.

४ मार्च, रविवार. महाळुंगे.

पोचलो. दारात शालन तांब्या घेऊन उभी, मागे रंगराव. ठरवलं होतं की मान वर ठेवून आत शिरायचं. मान वर ठेवली आणि उंबऱ्याला ठेच लागून रंगरावांच्या पायांशीच पालथा पडलो. महिनाभर उंबरे काढत बसल्याचा परिणाम. रंगराव उचलत म्हणाले, "अवो व्याही, येवढं पाया पडायची काय गरज? सोयरं हाय आपण."

सगळे हसले. यशोदाबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून.

असला उंच उंबरा कोणत्या गाढवाने बसवला म्हणून विचारणार होतो. तेवढ्यात मधलं कमळ दिसलं. शालनच्या लग्नात मीच करून दिला होता.

अंगठ्याला हळद लावली आहे. उंबऱ्याला दोन बोटं पुरली असती.