अडीच वर्षांचे नवेकोरे बूट

२२ जून, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

काल अप्पाराव साहेबांनी (आमच्या सिक्युरिटी एजन्सीचे फील्ड ऑफिसर, आधी फौजेत होते) सांगितलं की चितेगावच्या प्लांटवर क्यूआरटी उभी करायची आहे. म्हणजे काही झालं की सगळ्यात आधी धावणारी टीम. लीडर एक. नावं दोन, माझं आणि शिवराजचं. १२ ऑगस्टला किट तपासणी, मग कंपाउंडभोवती तीन फेऱ्या.

शिवराज एकतीस वर्षांचा आहे, पळतो. पण त्याचं किट बघवत नाही. बुटांवर चिखल, व्हेस्टच्या खिशात डब्यातला कांदा. माझं किट नवं आहे. अडीच वर्षांपूर्वी लेकीनं, प्रेरणानं, पहिल्या पगारात घेऊन दिलं. टॅक्टिकल बूट, व्हेस्ट, टॉर्च. एकदाही वापरलेलं नाही. याला म्हणतात मेंटेनन्स.

संध्याकाळी ६
पुण्याहून प्रेरणाचा फोन. दर रविवारी एकच प्रश्न, पप्पा, बूट घातलेला फोटो कधी पाठवता? सांगितलं, लीडर झालो की त्याच दिवशी. म्हणाली, बूट लीडर व्हायला नाही, तुमच्या दुखऱ्या टाचेसाठी घेतलेत. पोरीला अजून या गोष्टी कळत नाहीत.

२९ जून, रविवार
मेंटेनन्स. बूट साबणाच्या पाण्यानं धुतले. न घातलेल्या बुटांवरही धूळ बसतेच. ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. ओलावा आतच राहतो, चामडं मऊ राहतं. मग पत्र्याच्या पेटीत. पेटी गच्चीवर, कारण कपाटात करुणा जागा देत नाही.

करुणाचं म्हणणं, पाय लई सुजायलेत तुमचे, आन् बूट पेटीत ठेवून काय त्याला पिल्लं व्हायची हायेत का. सत्तावीस वर्षं संसार केला, पण किट म्हणजे काय ते बाईला समजलं नाही.

३ जुलै, गुरुवार
बारा तास गेटवर उभा. जुन्या बुटाच्या टाचेतून खिळा वर आलाय. पुठ्ठ्याचा तुकडा घातला. खिळा पुठ्ठ्यातून आला. आणखी एक पुठ्ठा. लीडरला फिरायला गाडी असते, बसायला खोली असते. चाळीस दिवस काढायचे फक्त.

६ जुलै, रविवार
व्हेस्टला इस्त्री केली. इस्त्री जरा जास्त तापली. पाठीवर इस्त्रीच्याच आकाराचा चकचकीत डाग आलाय, हाताला कडक लागतो. तपासणीत पाठ भिंतीकडं ठेवायची.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून पळणं.

७ जुलै, सोमवार
पाचला उठलो. जुन्या बुटात पळणं म्हणजे टाचेवर अन्याय. नवे काढायचे नाहीत. म्हणून जागेवर उभं राहून दीर्घ श्वास घेतले. दहा मिनिटं. मग परत झोपलो.

१३ जुलै, रविवार
व्हेस्टच्या चेनला खोबरेल तेल दिलं. उरलेलं वेल्क्रोला. आता वेल्क्रो चिकटत नाही, पण उघडताना चर्र असा आवाजही होत नाही. क्यूआरटीच्या कामात आवाज न होणं फार महत्त्वाचं.
टॉर्च उघडली. सेल अडीच वर्षं आतच होते. फुटून सगळं हिरवट झालंय. दिवसाच्या ड्यूटीला टॉर्च लागत नाही.

प्रेरणाचा फोन. टाच कशी आहे? म्हटलं, एकदम बरी. करुणा मागून ओरडली, खोटं बोलायलेत गं ते. नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला.

२७ जुलै, रविवार
पेटी उघडली. पिशवीत काळा चुरा! उंदीर. करुणा म्हणाली, पिशवीला एक बी भोक नाय, उंदीर आला कुठून? म्हटलं, लहान असणार. बूट पुन्हा धुतले, नवी पिशवी, दुप्पट चिकटपट्टी. पिंजऱ्यात भजं लावलं.

३० जुलै, बुधवार
उंदीर सापडला नाही. भजंही तसंच. हुशार उंदीर आहे.

शिवराज गेटवर येऊन म्हणाला, काका, नवे बूट हायेत तर आधी चार दिवस घालून बघा की, पायात मुरू द्या. डाव ओळखला. माझे बूट मळले की याचं काम झालं. गोड बोलून नाही म्हटलं.

१० ऑगस्ट, रविवार
शेवटचं पॉलिश. तोंड दिसतंय बुटात. सोल जरा चिकट लागला. ग्रिप चांगली असणार. पिशवीत परत चुरा.

खरं लिहायचं तर भीती वाटतेय. पळण्याचा सराव एक दिवसही झाला नाही. वय एकोणपन्नास. या टाचेवर गेटवर अजून नऊ वर्षं उभं राहणं होणार नाही. ही जागा मिळाली नाही तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दुपारपासून तोच विचार चालू आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४
तपासणीत साहेब माझ्या बुटांकडं बघतच राहिले. म्हणाले, फौजेतसुद्धा अशी चमक पाहिली नाही. शिवराजचे बूट बघून नुसती मान हलवली. मी जिंकलो होतो.

मग पळायचं होतं.

पहिल्याच फेरीत, कॅन्टीन यायच्या आधी, डावा पाय हलका वाटला. भारी बूट असेच असतात असं वाटलं. मग उजवाही हलका झाला. मागं बघितलं तर रस्त्यावर काळ्या ढेकळांची रांग आणि दोन सोल. वर चमकणारं चामडं, खाली नुसते मोजे. खडीवरून तसाच अकरा पावलं पळालो. मग टाचेतून अशी कळ गेली की खालीच बसलो.

शिवराज पुढं गेला होता. तो परत आला. दोन्ही सोल उचलले, झटकले आणि दोन्ही हातांनी मला दिले. म्हणाला, बसा काका, मी बी थांबतो. साहेबांनी शिट्टी मारून त्याला पळायला लावलं. डाव वगैरे काही नव्हता त्याचा. चांगला पोरगा आहे.
लीडर शिवराज.

१३ ऑगस्ट, बुधवार
सुट्टी टाकली. गारखेड्यात आमच्या चौकात बूट-चपला शिवणारे मामा बसतात, त्यांना सोल दाखवला. बोटानं दाबला तर भुगा झाला. उंदराचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, उंदीर नाय साहेब, हा फोमचा सोल. ओला करून बंद ठेवला, वरून गर्मी, मंग आपोआप कुजतो. पायात राहिला असता तर अजून दोन वर्षं हलला नसता. किती वापरले, म्हणून विचारलं. म्हटलं, रोज.
घरी येऊन पिंजरा उचलून ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.३०
प्रेरणाचा फोन. लीडर दुसरा झाला, हे सांगितलं. मग म्हटलं, बूट गेले बेटा. सोल तुटले.

मी सगळं खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, म्हणजे तुम्ही घातले पप्पा! सोल जाईपर्यंत घातले! मला वाटायचं, पेटीतच ठेवलेत. रडवेली झाली होती. म्हणाली, लीडरचं जाऊ द्या, अडीच वर्षं टाचेला आराम मिळाला ना, मला तेवढंच पाहिजे होतं.

म्हटलं, हो. लई आराम मिळाला.

करुणा समोरच बसली होती. आज ती मागून ओरडली नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उद्या सकाळची ड्यूटी. खिळ्यावर नवा पुठ्ठा घातला.