शेततळ्यातली पाईपाची होडी

१२ मार्च, मंगळवार
होडी झाली म्हणे! आमच्या दिवट्या भूषणने ठिबकचे उरलेले मोठे पाईप घेतले, दोन्ही तोंडांना टोपणं लावली, एकमेकांना बांधले आणि वर फळी ठोकली. वल्हंही पाईपाचंच, टोकाला पत्रा. शेततळ्यात शेवाळ झालंय, मधोमध मोटारीची जाळी तुंबते, केळीला पाणी पोचत नाही — सगळं खरं. पण पोराला पोहता येतं का? नाही! गेल्या साली शेजारच्या शालिग्रामचा गडी असाच तळ्याच्या प्लास्टिकवरून घसरला. धरायला काहीच नसतं तिथे. वर आला तो चौघांच्या हातांवर.

१३ मार्च
सोहळा पाहिला. भूषण उजवीकडेच वल्हवतो आणि होडी जागच्या जागी गरगर फिरते. बांधावरून निंदणीला आलेली भिकुबाई ओरडली, "आबा, तुमना पोऱ्या पानीमा घानी चलाई राहिना!" सून रूपा काठावरून शिकवते. देवपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली ना! "अहो, एकाच बाजूने ढकलाल तर तोंड वळणारच. एकदा इकडे, एकदा तिकडे." हे ऐकायला हा शहाणा उभाच राहिला! "बसा! उभं राहिलं की वजन वर जातं, होडी कलंडते!" बसला.

१६ मार्च
जेवताना पुन्हा शाळा. रूपा म्हणाली, "आबा, वल्हं पाण्याला मागे ढकलतं, म्हणून पाणी होडीला पुढे ढकलतं." मी चौथी पास. विचारलं, "हे पाण्याला कोणी सांगितलं?" भूषण हसला. ती नाही हसली. "पातं जितकं रुंद तितकं जास्त पाणी ढकललं जातं. मला एकदा बसू द्या. जाळी मी साफ करते. मला पोहता येतं."
म्हणालो, "या घरच्या सुना तळ्यात उतरत नाहीत."
तिने ताटं उचलली. माझी अर्धी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताटात होती, तीही गेली.

१८ मार्च
ठरलं. वल्हं नाही तर होडी नाही. उद्या भूषण चोपड्याला जातो. तेव्हाच वल्हं तळ्यात बुडवतो.

१९ मार्च
जिवंत आहे.
वल्हं तळ्यात भिरकावलं. पाईप आहे, पत्रा आहे, दगडासारखं तळाला जाईल — कुठलं! डुलत बसलं. टोपणं लावलेला पाईप, आत नुसती हवा! याच पाईपांची होडी आठवडाभर डोळ्यांसमोर तरंगतेय आणि मला हे सुचलं नाही. चौथीसुद्धा कशी पास झालो कोण जाणे. काठीने ओढायला वाकलो आणि प्लास्टिकवरून सरळ आत. पाय टेकेना, बोटं रुतेनात. हाताला लागलं ते तेच वल्हं! त्यालाच मिठी मारली आणि बोंब ठोकली.
रूपा धावत आली. होडी काठाला, वल्हं माझ्या काखेत. तिने गोठ्यातलं घमेलं उचललं. होडीचा दोर काठच्या लिंबाला बांधलेला होताच. होडीत बसली आणि घमेल्याने एकदा इकडे, एकदा तिकडे, रेघ मारल्यासारखी सरळ माझ्यापाशी आली. तिथेही शिकवणी! "आबा, वर चढू नका, उलटेल! नुसतं धरून ठेवा!" धरलं. मग तिने दोर ओढत ओढत आम्हा दोघांना काठाला लावलं. त्याच दोराला धरून वर आलो.
वल्हं माझ्याजवळ कसं, हे तिने विचारलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. भूषणला काय सांगेल?

२० मार्च
सकाळी भूषणने विचारलंच, "आबा एकटे तळ्यावर कशाला गेले होते?"

रूपा म्हणाली, "मीच बोलावलं होतं. आमचं ठरलंय. आजपासून जाळी मी साफ करणार, दोर आबा धरणार. हो ना, आबा?"
हो म्हणालो.
दुपारी ती होडीत जाळीपाशी, मी काठावर. दोर तळहाताला काचला. सोडला नाही.