बाबा, तो बुडबुडा मी मोजू देणार नाही

प्रिय बाबा,

आज प्रयोगशाळेत एकाचं डोकं फोडणार होते. भद्रावतीला खोलीवर आले, ती थेट लिहायलाच बसले. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आमच्या बाटलीत बुडबुडा सापडलाय. तुमच्याच खाणीच्या बंद बोगद्यात ठेवलेली ती बाटली! "पोरी, तुले दिसून काय राह्यलं त्याच्यात?" असं विचारायचात. मी सांगायचे, आजवर कुणालाच न सापडलेला कण येऊन आदळला, की आतल्या द्रवात बुडबुडा उठेल. तुम्ही हसायचात. "अन् नाई आला तं?"

आज झाकून ठेवलेले आकडे उघडले, तर इतक्या दिवसांत हा एकच. आमच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, पेढे मागवले. मी बुडबुड्याची वेळ पाहिली आणि पेढ्यांचा खोका भिंतीवर आपटला.

ती वेळ मी विसरेन का? त्याच क्षणी पलीकडच्या बोगद्यात तुमच्यावर छत कोसळलं होतं. तसल्या हादऱ्यानेही बुडबुडा उठतो, बाबा.

छताचे टेकू कडकडले तेव्हा तुम्ही बाहेर होतात ना? मग परत आत का गेलात? तुमचा जोडीदार गजानन रडत सांगतो, "भाऊनं मले कमरेत लाथ घातली. मी बाहेर फेकल्या गेलो, अन् मांगं सगळं छतच आलं." तो जगला. तुमची छाती चिरडली. पहारींनी उकरून काढलं तुम्हाला. आईने मला चेहरासुद्धा पाहू दिला नाही. तिचा राग येतो मला. तुमचा तर जास्तच!

सर म्हणाले, "खाणीत सुरुंग फुटतात त्या वेळा वगळायच्या, एवढंच आधी ठरलंय. आकडे उघडल्यावर नियम बदलत नसतात." तसं ते खरंच आहे. पण मी त्यांची कॉलर धरली. "तो कण नाही, माझा बाप आहे!"

बुडबुडा ठेवला, तर तुमच्या मरणावर आमचं नाव होणार. काढला, तर कारणाच्या जागी खोट्या बुडबुड्यांसाठीचा नेहमीचा शब्द पडणार: गोंगाट. तुम्ही गोंगाट होतात का हो?

उद्या मी सगळ्यांशी भांडणार आहे. पदवी गेली तर जाऊ दे. तो बुडबुडा मी माझ्या हाताने काढीन, आणि कारण असं छापायला लावीन: छत कोसळलं, दुसऱ्याला वाचवताना एक माणूस मेला. पुढे तुमचं पूर्ण नाव. वचन देते, बाबा.

तुमचीच भांडखोर
रंजू