बटणांची गाडी

दि. ९, सोमवार, दुपार

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत, आणि तू वेळेवर जेवतेस असं मी धरून चालते. फोनवर तू तीनदा विचारलंस, गाडी ठरली का, आणि मी तिन्ही वेळा "पत्रात लिहिते" म्हणून फोन ठेवला. तर ठरली. विजेवरचीच. मी इतकी हरखून गेले आहे की सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं.

तू सुचवलेली पांढरी आधी पाहिली. देखणी, यात वाद नाही. काचेचं छप्पर, आत भलामोठा पडदा, आणि बाहेरून कुठे म्हणून उंचवटा नाही, साबणाच्या नव्या वडीसारखी. माझं मन तिथंच बसलं. पण तुझे बाबा पडले तीस वर्षं गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारे. शोरूममधल्या बाईंनी दिलेलं माहितीपत्रक त्यांनी माझ्या हातात कोंबलं, डोळे मिटले आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवत निघाले.

"साहेब, काय करताय?"

"नाडी बघतोय."

बॉनेटच्या फटीत एका बाजूला त्यांचं नख शिरेना आणि दुसऱ्या बाजूला आगकाडी सहज गेली. "चेहरा छान, पण शिवण तिरकी," म्हणाले. मग मी तरी का मागे राहू? भांडं घेताना मारते तशी दारावर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखं वाजलं.

"काकू, नवी गाडी आहे हो," बाई कळवळल्या.

"आज ही टिचक्या मारतेय, उद्या लोक ठोकतील," बाबा म्हणाले.

दुसरी गाडी राखाडी. तोंड जरा फुगलेलं, तुझ्या आत्यासारखं (हे तिला कळवू नकोस). पण दार लावलं की जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. फटी सगळीकडे सारख्या. सीटची कड उलटून मी टाके पाहिले, एकही सुटलेला नाही. शिवाय गार हवा, काचा, दिवे, सगळ्याला वेगवेगळी बटणं. पांढरीत साध्या वाऱ्यासाठीसुद्धा पडद्यावर बोट फिरवत बसायचं. घरी येऊन मी वहीत मागच्या पानावर दोन रकाने आखले, रूप आणि बांधणी. नंतर तिसरा आखावा लागला, बटणांचा. तो का, हे लिहायचं टाळत इथवर आले.

पांढरीची हँडलं दारातच बुडालेली असतात. बाई म्हणाल्या, "बसून तर बघा." बाबा दार चाचपत राहिले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. हँडल त्यांच्या मनगटाशी होतं, त्यावर बारीक दिवासुद्धा लागलेला. बाई म्हणाल्या, "सगळ्यांचंच असं होतं." बाबा हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी आपली जुनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली तेव्हापासून त्यांच्या नजरेचं माझ्या मनात होतंच. वर्तमानपत्र घेऊन बसतात ते अर्धा तास एकाच पानावर.

राखाडीपाशी बाईंनी किल्ली पुढे केली. "साहेब, एक चक्कर मारून या." त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, गुडघा दुखतोय.

मी म्हटलं, "मी चालवते," आणि पर्समधून लायसन काढलं.

चिमणे, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. "हे कधी केलंस?"

"दुपारी देवाला जात होते ना, तेव्हा."

"देव क्लच शिकवतो?"

"क्लच क्लासच्या बाईंनी शिकवला. आणि या गाडीला तो नाहीच."

तीन महिने तुझ्या आईनं देवाचं नाव पुढे करून ड्रायव्हिंग क्लास केला. अगदीच खोटं नको म्हणून परतताना दोन मिनिटं देवापुढे उभी राहायचे. आणि काय सांगू, ती गाडी आवाज न करता अशी निघते की छातीत धस्स होतं आणि लगेच हसू येतं. बाबा शेजारच्या सीटवर पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. म्हणाले, "मुद्दाम खडबडीत रस्त्यानं घे." घेतली. ते कान लावून बसले. "कुठे काही खुळखुळत नाही. नीट बांधलीय. आणि तूही बरी चालवतेस, फक्त वळताना घाई करतेस."

परत येऊन गाडी उभी केली तरी ते उतरेनात. एकेका बटणावरून बोट फिरवत होते, ओळख करून घेतल्यासारखं. मग म्हणाले, "मला तो खांब दिसलाच नव्हता गं."

हे तुला कळवायचं नाही, पोर नोकरी टाकून धावत येईल, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांच्या पाठीमागे मला लिहवेना, म्हणून आत्ता हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. नाडीपाशी हसले. खांबापाशी मला थांबवलं. मग म्हणाले, "डॉक्टरांचंही घाल. अर्धवट कळलं तर पोर जास्त घाबरेल."

तर ऐक. गाडी बघून आल्यावर शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते इंजेक्शनांनी राखता येईल. गाडी चालवणं बंद.

तू धावत येऊ नकोस. सुट्टीत ये. स्टेशनवर मी न्यायला येईन, आणि बाबा शेजारी बसून वळणावळणाला माझ्या चुका काढतील.

तुझी,
आई

बाबा

वरची सही त्यांनी स्वतः केली आहे. ओळ सोडून खाली घसरली, म्हणून नव्या कागदावर पुन्हा करतो म्हणाले. मी पेन काढून घेतलं.