कॉम्प्युटरमधून काढलेलं इंग्रजी

बाबा, परवा मी चाळीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून इंग्रजी काढून टाकलं. सगळे माझ्यावर चिडलेत. तुम्ही असतात तर सगळ्यांत आधी तुम्हीच चिडला असता, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नाहीत. टीव्हीसारखी काच आणि टाइपरायटरसारखी बटणं, एवढं समजा. तळमजल्यावर आपली व्यायामशाळा होती तिथे आता कमिटीचं ऑफिस आहे, आणि तिथे बसून चाळीच्या नोटिसा मी टाइप करतो. सातवी नापास माणूस हे काम करतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. मशीन बंद केल्यावर ते खरंच बंद झालं का, हे बघायला मी जिन्यावरून दोनदा परत येतो.

चाळ पाडून टॉवर बांधायचा आहे. बिल्डरची माणसं मीटिंगला येतात, गोड बोलतात. खोली केवढी मिळणार, बांधकाम होईपर्यंत राहायचं कुठे, एका मीटिंगला एक सांगतात, पुढच्या मीटिंगला दुसरंच. म्हणून कोण काय बोललं ते मी त्याच संध्याकाळी मराठीत टाइप करून फळ्यावर लावतो. फळ्यावरचे कागद फाटून जातात. तीन वर्षांच्या सगळ्या नोटिसा राहिल्या आहेत त्या फक्त मशीनमध्ये. गेल्या आठवड्यात मशीन म्हणालं, जागा संपली. जागा खाल्ली आहे मंडळाच्या गणपतीच्या व्हिडिओंनी, पण ते काढा म्हणायची लालबागमध्ये कोणाची छाती आहे? सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा, बँकेत आहे, मनाने वाईट नाही. तो सहज म्हणाला, "काका, तुमच्या त्या जुन्या नोटिसा उडवा ना. कोण वाचतंय? बिल्डरचं अॅग्रीमेंट इंग्लिशमध्ये येतंय, तेच फायनल."

तेच फायनल. हे मी आधी ऐकलं होतं. आपल्या दोन खोल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आई स्टोव्हवर पेज ठेवते आहे, तुम्ही गिरणीत पहिली पाळी करून आला आहात, कानात अजून कापूस आहे. मालकाचा मुनीम दारात उभा, हातात इंग्रजी टाइप केलेला कागद. दुरुस्तीसाठी मागची खोली थोडे दिवस रिकामी करायची, असं तो तोंडी सांगतो. मी सतरा वर्षांचा, मधेच विचारतो की कागदावर काय लिहिलंय. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "गप ऱ्हव. मोठ्या माणसांचो कागद आसा," म्हणता, आणि सही कुठे करायची ते मुनिमाला अदबीने विचारता. गिरणीत कापडाचे चार साचे एकटे सांभाळणारे तुम्ही, त्या एका कागदापुढे एवढे लहान झालात. मागची खोली परत मिळाली नाही. त्या रात्रीपासून आम्ही तिघं भावंडं गॅलरीत झोपायला लागलो. तुम्ही त्यावर कधी अक्षर काढलं नाहीत, आणि आम्हालाही काढू दिलं नाहीत.

तेव्हा नोटिसा मी उडवणार नव्हतो. दुसरीकडून जागा काढायची होती. मशीन दुरुस्त करणाऱ्याने एकदा सांगितलं होतं की आत जगातल्या भाषा भरलेल्या असतात, वापरत नसाल त्या काढता येतात. ती यादी मी शोधून काढली. चष्मा पुसत, एकेक नाव अक्षर जुळवत वाचत गेलो आणि खूण करत गेलो. चिनी, अरबी, कुठल्या कुठल्या बेटांवरच्या भाषा. दर खुणेला वाटायचं, कोणाची तरी खोली रिकामी करतोय. पण नोटिसा राहिल्या. जागा झाली. मराठीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मशीन लावलं तर पडद्यावर सगळीकडे मराठी, इंग्रजीचं एक अक्षर नाही.

सेक्रेटरी आला, खजिनदार आला, दोघं पडद्याला नाक लावून बसले. 'रद्द करा' म्हणजे नक्की काय होणार, 'जतन' कुठे होणार, त्यांना काही सुधरेना. खजिनदाराने विचारलं, या वयात मशीनशी खेळायला सांगितलं कोणी. मी म्हणालो, "मुद्दाम केलंय. इंग्रजी परत घाला, माझी ना नाही. पण आधी माझ्या नोटिसा छापा आणि दर खोलीत एकेक संच द्या. तोवर मी खुर्चीवरून उठत नाही." बीपीची गोळी वर घरी होती, तरी उठलो नाही. गलका ऐकून समोरच्या खोलीतली काकी आली. तुम्ही तिला नवी नवरी म्हणून पाहिलंत, आता तिला नीट चालवत नाही. तिने खिडकीतून मशीनचा पडदा बघितला, बोट दाखवलं आणि सेक्रेटरीला म्हणाली, "थंय 'छापा' लिवलेला आसा, माका वाचूक येता. मगे छाप." लोक हसले. सेक्रेटरीही हसला, आणि त्याने बटण दाबलं.

दुपारभर छपाई चालली. आता बिल्डर काय बोलला होता ते चाळीतल्या प्रत्येक घरात आहे. कमिटीने ठरवलंय की अॅग्रीमेंट या नोटिसांशी ताडून बघितल्याशिवाय कोणी सही करायची नाही. इंग्रजी परत आलं, आणि मला मशीनला हात लावायची बंदी झाली. होऊ दे. म्हणून हे पेनाने लिहितो आहे. तुमचं गप राहणं मी पुढे चालवलं नाही बाबा, आणि त्याबद्दल मला माफी मागायची नाही.

एकच गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ते मुद्दाम नव्हतं. त्या यादीत इंग्रजी आठ वेळा होतं, आठ देशांची आठ. मला वाटलं, एकच भाषा आठदा कशाला, काढू या, एक तर राहीलच. दर वेळी असंच वाटत गेलं. सकाळी पडदा बघितला तेव्हा इंग्रजी परत आणायला मी एकेक बटण दाबून पाहिलं होतं. मग हे दोघं आले, आणि तोंडातून 'मुद्दाम' निघून गेलं. उद्या कोणी विचारलं तरी मी तेच सांगणार आहे.